पायथन शिकताय? मग काम दाखवायला माणूस शोधा

२०१९ मध्ये मी भोसरीच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते आणि रात्री जेवणं आटपली की पायथन शिकत बसायचे. सरावासाठी पुण्याच्या रोजच्या पावसाची एका वर्षाची फाइल मिळवली होती. एक रकाना तारखेचा, एक मिलिमीटरचा, बस. पांडाज म्हणजे पायथनची तक्ते हाताळायची लायब्ररी; तिच्यात फाइल उघडली, महिन्यावार बेरीज केली, आलेख काढला. जानेवारीत पाऊस, फेब्रुवारीत पाऊस, मार्चमध्येही पाऊस. लाल अक्षरांतली एरर कुठेच नाही. वर्षाची बेरीज मूळ फाइलशी ताडून पाहिली, ती तंतोतंत जुळली. ऑफिसात आयटीचं काम बघणाऱ्या मुलाला आलेख दाखवला, तो म्हणाला, "मस्त आलाय." मग मीही मनाची समजूत घातली की हल्ली अवकाळी वाढलाय.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात. सगळी नोकरी सरकारी आकडेवारीचे तक्ते तपासण्यात गेलेली. पायथन हे नाव त्यांनी फक्त नातवाच्या तोंडून ऐकलेलं. एका रविवारी सहज त्यांना लॅपटॉप दाखवला. म्हणाले, "चित्र राहू दे, नुसत्या तारखा दाखव. जानेवारीत पाऊस कुठल्या तारखांना पडलाय?" सहा, सात, आठ, नऊ. फेब्रुवारीत? सहा, सात, आठ, नऊ. एप्रिलमध्येही तेच. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, ह्या तारखा नाहीत. हे महिने आहेत."

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. फाइलमध्ये ०५/०७ म्हणजे ५ जुलै होतं, पांडाजने ते अमेरिकन पद्धतीने ७ मे असं वाचलं. १३/०७ ला मात्र तेरावा महिना कुठून आणणार, म्हणून तिथे निमूटपणे १३ जुलै धरलं. थोडक्यात, दर महिन्याचे पहिले बारा दिवस इकडचे तिकडे झाले आणि उरलेले जागच्या जागी राहिले. वर्ष तेच असल्यामुळे बेरीज जुळणारच होती! दुसऱ्या दिवशी त्याच आयटीच्या मुलाला नेमकी गफलत सांगितली, तर त्याने फाइल वाचायच्या ओळीत 'डेफर्स्ट' (म्हणजे दिवस आधी, महिना नंतर) ट्रू करायला लावलं आणि अर्ध्या मिनिटात विषय संपवला. (२०२३ मध्ये आलेल्या पांडाज २.० पासून एका रकान्यातल्या सगळ्या तारखा एकाच साच्याने वाचल्या जातात, त्यामुळे हीच चूक आता इतकी गुपचूप होत नाही. पण गुपचूप होणाऱ्या इतर चुका भरपूर उरल्यात.)

मेंटॉर, म्हणजे आपलं काम बघून सल्ला देणारा माणूस, कशाला हवा, असं कुणी विचारलं की मी हा किस्सा सांगते. एरर आली तर ती कॉपी करून शोधता येते. चूक गप्प बसलेली असेल तर शोधणार काय? आणि ती पकडणाऱ्याला पायथन येत नव्हतं, ज्याला येत होतं त्याने आधी "मस्त आलाय" म्हटलं होतं, हेही विसरू नका. त्यामुळे कुठे शोधायचं याच्या आधी कुणाला शोधायचं ते बघू.

पायरी १: कसला माणूस हवाय ते ठरवा

बहुतेक जण एकच सर्वगुणसंपन्न माणूस शोधतात. मोठ्या कंपनीतला, डेटा सायंटिस्ट, दर आठवड्याला वेळ देणारा, वर नोकरीही लावून देणारा. असा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याच्याकडे आधीच दहा जण रांगेत असतात. त्यापेक्षा काम वाटून टाका.

एक कोड वाचणारा. तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षं पुढे असलेला पुरेसा आहे. किंबहुना तोच बरा, कारण आपण कुठे अडखळलो होतो ते त्याला अजून आठवत असतं. वीस वर्षांचा अनुभवी माणूस तुमची अडचण 'हे तर सोपं आहे' या चार शब्दांत उडवून लावतो, आणि त्याची तरी काय चूक, त्याला ती खरंच दिसत नाही.

दुसरा आकडे जाणणारा. संख्याशास्त्र शिकवणारे, ऑडिटर, बँकेतले निवृत्त अधिकारी, प्रयोगशाळेत उमेदवारी केलेले लोक. हा आकडा खरा वाटतो का, हा प्रश्न त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो.

तिसरा ते क्षेत्र जाणणारा. तुम्ही दुधाच्या संकलनाचा डेटा घेतलात तर डेअरीत काम केलेला, दवाखान्याचा घेतलात तर तिथला. हा बरेचदा घरातच सापडतो.

तिघं एकदम मिळायला हवेत असं नाही. पण आत्ता कुणाची उणीव भासतेय ते ओळखा आणि त्याच्यापासून सुरुवात करा. अकाउंट्स, स्टोअर्स, क्वालिटी अशा खात्यांतून इकडे येणाऱ्यांनी तर मुळीच कमीपणा वाटून घेऊ नये. पांडाज वेस मॅकिनीने २००८ मध्ये लिहायला घेतलं तेच मुळी एका गुंतवणूक कंपनीत, आर्थिक आकडे हाताळायला सोयीचं काही नव्हतं म्हणून. त्या नावाचाही अस्वलाशी संबंध नाही, ते 'पॅनल डेटा' वरून आलंय.

पायरी २: आधी सहा आठवडे स्वतःचे घाला

रिकाम्या हाताने गेलात तर समोरचा तुम्हाला एखाद्या कोर्सचं नाव सांगून वाटेला लावेल. याद्या, डिक्शनरी, लूप, फंक्शन एवढं हातात बसलं आणि पांडाजमध्ये फाइल उघडणं, गाळणं, गट पाडून बेरीज करणं जमायला लागलं की लगेच स्वतःची एक फाइल घ्या. सगळे सरावाला घेतात ती टायटॅनिकच्या प्रवाशांची आणि फुलांच्या पाकळ्यांची फाइल घेऊ नका; त्यावर एवढं लिहून झालंय की तुमचं स्वतःचं चुकणंच होत नाही. सोसायटीच्या टँकरच्या नोंदी, घरच्या वीजबिलांची पाच वर्षं, किराणा दुकानाची वही, केंद्र सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवरची एखादी फाइल, यातलं काहीही चालेल. घाण असेल तर उत्तमच.

त्यावर खरोखर उत्तर हवं असलेले दोन-तीन प्रश्न लिहा आणि एका ज्युपिटर नोटबुकमध्ये (कोड आणि त्याची उत्तरं एकत्र दाखवणारी फाइल) त्यांचा पाठपुरावा करा. कुणालाही दाखवण्याआधी ज्युपिटरमध्ये 'रीस्टार्ट अँड रन ऑल' जरूर करा. नोटबुकमधले खण (सेल) आपण वरखाली उड्या मारत चालवतो, मध्येच एखादा पुसतो, पण त्यातली किंमत मेमरीत तशीच राहते. तुमच्याकडे चालतं आणि दुसऱ्याकडे तिसऱ्याच खणात अडकतं, ते यामुळे. पहिल्याच भेटीत ही शोभा नको.

नोटबुक गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाका. ऑफिसचा डेटा मात्र चुकूनही नाही. ग्राहकांची नावं, फोन नंबर, पगार यांतलं काहीही बाहेरच्या माणसाला दाखवायचं नाही, मेंटॉर कितीही विश्वासाचा असो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालाय. पण त्याच्याही आधी नोकरी जाईल. अडचण ऑफिसच्याच कामात असेल तर त्याच घडणीच्या दहा खोट्या ओळी हाताने तयार करा. हे करताना निम्म्या वेळा चूक आपली आपल्यालाच सापडते.

पायरी ३: पुण्यात कुठे शोधायचं

सगळ्यात आधी तुमचं स्वतःचं ऑफिस. दर महिन्याला एमआयएस (साहेबांसाठीचे आकड्यांचे अहवाल) बनवणारा कुणीतरी असतोच, आणि हल्ली त्यातला एक तरी जण एक्सेलला कंटाळून पायथनकडे वळलेला असतो. त्याच्याशी चहाच्या टपरीवर बोलता येतं, ओळख काढावी लागत नाही, आणि डेटा दोघांचाही एकच असल्यामुळे गुप्ततेचा प्रश्नही बराचसा सुटतो. लोक हा पर्याय वगळून थेट लिंक्डइनवर जातात याचं मला नेहमी नवल वाटतं.

मग कॉलेजं. या बाबतीत पुण्यातला माणूस नशीबवान आहे. विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग, फर्ग्युसन, स. प., मॉडर्न, सगळीकडे संख्याशास्त्र शिकवलं जातं. तिथली एमएस्सीची मुलं आकड्यांच्या बाबतीत पक्की असतात. एक फरक लक्षात ठेवा. त्यांचा हात बरेचदा पायथनपेक्षा आर या भाषेवर बसलेला असतो. आर संख्याशास्त्रज्ञांनीच घडवलेली आहे, ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी; तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. तुमची भाषा वेगळी आहे म्हणून काही अडत नाही. मध्यक घ्यायचा की सरासरी, रिकाम्या नोंदींचं काय करायचं, दोन गटांतला फरक खरा की योगायोग, हे प्रश्न दोन्ही भाषांत तेच आहेत. बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये (स्थापना १९३०) अर्थशास्त्राचे विद्यार्थी भेटतात. तुमचा डेटा किमती, रोजगार, घरखर्च असा असेल तर तिकडे ओळख काढा. तुमच्या ओळखीच्या दोन-तीन लोकांत यांपैकी एखाद्या कॉलेजचा माजी विद्यार्थी निघाला नाही तर तुम्ही पुण्यात राहत नाही.

तिसरी जागा मीटअप. पायथनपुणे हा गट अनेक वर्षं भेटी भरवतोय, बायकांसाठी पायलेडीजचा पुण्यातला गट आहे. पायकॉन इंडिया ही पायथनवाल्यांची परिषद २००९ मध्ये बंगळुरात सुरू झाली आणि सप्टेंबर २०११ मध्ये ती पुण्यातच भरली होती, तेव्हा ही मंडळी इथे काही नवी नाहीत. भेटीची तारीख आणि जागा निघायच्या आधी पुन्हा एकदा बघा. मी एकदा कोथरूडहून दोन बस बदलून खराडीला पोचले, तेव्हा कळलं की भेट पुढच्या शनिवारी आहे.

मीटअपला गेल्यावर नुसतं मागे बसून परत येऊ नका. मी पहिल्या तीन वेळा तेच केलं. खरी ओळख भाषणं संपल्यावर, चहा-सामोशाच्या वेळी होते. वक्त्याभोवती घोळका असतो, त्यात घुसू नका. जो प्रश्न तुम्हालाही विचारायचा होता तो ज्याने विचारला, त्या माणसाला गाठा. आणि धीर झाला की पाच मिनिटांचं लाइटनिंग टॉक द्या. मी माझ्या जानेवारीतल्या पावसावर दिलं होतं. सगळे हसले, आणि संपल्यावर दोघं जण स्वतःहून येऊन म्हणाले की नोटबुक पाठवा, बघतो. माझा कोड वाचणारी ताई मला अशीच मिळाली. मेंटॉर शोधायला मी गेलेच नाही म्हणायला हरकत नाही, माझी चूक त्याला शोधून घेऊन आली.

ज्यांना शनिवारची सुट्टी नाही किंवा चाकण-शिक्रापूरहून येणं जमत नाही, त्यांच्यासाठी ऑनलाइन वाटा आहेत. एक्सरसिझम या मोफत साइटवर पायथन आणि आर दोन्हीचे सराव आहेत, आणि तुम्ही सोडवलेला कोड स्वयंसेवक मेंटॉर माणूस म्हणून वाचून शेरे देतात. भाषेच्या सवयी सुधारायला हे उत्तम. डेटाचा संशय घ्यायला ते शिकवणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. आर शिकणाऱ्या बायकांसाठी आर-लेडीज आहे, २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली आणि आता जगभर शाखा असलेली.

पायरी ४: पहिला मेसेज

आता मी थोडीफार दुसऱ्या बाजूलाही आहे, म्हणून सांगते. "नमस्कार मॅडम, मला डेटा सायन्समध्ये करिअर करायचं आहे, प्लीज गाइड करा" असा मेसेज आला की मन मोडतं. उत्तर द्यावंसं वाटतं, पण द्यायचं काय? प्रश्नच नाहीये त्यात. ते उत्तर 'उद्या निवांत लिहू' म्हणून राहतं आणि ते निवांत कधी उगवत नाही.

मी ताईला पाठवलेला मेसेज साधारण असा होता:

"नमस्कार ताई, शनिवारच्या मीटअपमध्ये पावसाच्या तारखांवर बोलले ती मी. भोसरीत अकाउंट्सला आहे, पाच महिने पायथन शिकतेय. आता आमच्या सोसायटीच्या टँकरच्या दोन वर्षांच्या नोंदींवर काम करतेय. काही आठवड्यांची नोंदच नाही. तिथे टँकर आला नाही की लिहायचं राहिलं, ते कळत नाही. मी ते चौकोन रिकामे ठेवलेत, कारण शून्य भरलं तर सरासरी खाली येते. हे बरोबर आहे का? नोटबुकची लिंक खाली आहे, प्रश्न चौथ्या खणापाशी आहे. वीस मिनिटं फोनवर मिळाली तर फार बरं होईल. नाही जमलं तरी हरकत नाही."

यात काय आहे बघा. कुठे भेटलो, मी कोण, कशावर अडले, मी स्वतः काय ठरवलं आणि का, तिने नेमकं कुठे बघायचं, किती वेळ लागेल. 'मेंटॉर' हा शब्दच नाही. "माझे मेंटॉर व्हाल का?" हे पहिल्याच मेसेजमध्ये विचारणं म्हणजे पहिल्या भेटीत साखरपुड्याची तारीख विचारण्यासारखं आहे. एक प्रश्न, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्या वेळी ते नातं झालेलं असतं.

संबोधनाचा घोळ बऱ्याच जणांना पडतो. आयटीतली माणसं सरसकट नावाने हाक मारतात, पण तुम्हाला ते जड जात असेल तर ताई, दादा, सर, मॅडम यांनी कुणी रागावत नाही. "हाय डिअर" नको. मेसेज मराठीत की इंग्रजीत? समोरचा मराठी असेल तर मराठीतच लिहा. आपली अडचण आपल्या भाषेत जास्त नेमकी सांगता येते.

उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण करा. तरी नाही आलं तर पुढच्या माणसाकडे वळा. मनाला लावून घेऊ नका, मार्चएंड असेल.

पायरी ५: पहिली भेट

कीबोर्ड तुमच्याच हातात राहू द्या. ही भेटीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. समोरचा हुशार असला की त्याचे हात शिवशिवतात, तो "थांब, मी दाखवतो" म्हणून लॅपटॉप ओढून घेतो, भराभरा टाइप करतो, सगळं चालतं, आणि घरी आल्यावर तुम्हाला एक अक्षर आठवत नाही. नम्रपणे म्हणा, "तुम्ही सांगा, मी लिहिते."

टँकरच्या भेटीत ताईने माझा रिकाम्या चौकोनांचा निर्णय बरोबर ठरवला. सरासरी काढताना पांडाज रिकामे चौकोन सोडून देतं, शून्य मात्र मोजतं, हे मला माहीत होतं. पण लगेच तिने विचारलं, बेरीज घेतेस तेव्हा काय होतं? एका महिन्याच्या सगळ्या नोंदी रिकाम्या असतील तर पांडाज त्यांची बेरीज शून्य देतं. म्हणजे माझ्या तक्त्यात त्या मे महिन्यात सोसायटीला एकही टँकर आला नव्हता. मे महिन्यात! मग म्हणाली, टँकरवाल्यांच्या दरांची फाइल जोडलीस ना, जोडायच्या आधी ओळी किती होत्या, नंतर किती झाल्या? मी मोजल्याच नव्हत्या. दरांच्या फाइलमध्ये एक पुरवठादार दोनदा होता, त्यामुळे त्याचा प्रत्येक टँकर दोनदा मोजला गेला होता. पुन्हा एरर नाही, पुन्हा सगळं गप्प. जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजायची सवय मला तेव्हापासून लागली.

घरी येताना किंवा त्याच रात्री चार ओळी लिहून पाठवा. काय कळलं, आता काय करणार, कधीपर्यंत. आणि ते करून दाखवा. सांगितलेलं न करता पुन्हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना तिसऱ्यांदा वेळ कुणी देत नाही, मीही देत नाही.

पुढच्या भेटी दर पंधरवड्याला अर्धा तास पुरतात. दर आठवड्याला ठेवल्या तर मध्ये काम होत नाही आणि मग गप्पाच होतात. एकदा चुकली तर चुकू द्या. दोनदा चुकली तर कारण तुमच्याकडे आहे की त्यांच्याकडे, ते स्पष्ट बोलून घ्या.

पैसे द्यायचे का?

एमएस्सीच्या विद्यार्थ्याकडून नियमित वेळ घेणार असाल तर जरूर द्या, तासाचा दर आधी ठरवून. त्याचा खर्च निघतो, तुम्हालाही हक्काने विचारता येतं. 'मेंटॉरशिप'ची पॅकेजेस विकणाऱ्यांबाबत मात्र सावध राहा. मी एका क्लासला चांगली रक्कम भरली होती. जाहिरातीत 'वैयक्तिक मेंटॉर' होता. प्रत्यक्षात तो दीडशे जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, आणि त्यात सर्वाधिक उत्तरं आमच्यातलाच एक विद्यार्थी देत होता. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: माझा कोड नावानिशी कोण वाचणार, महिन्यातून किती वेळा, आणि मी आत्ता एक नोटबुक दिलं तर त्यावर लेखी शेरे मिळतील का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक फोन बंद होतात. नोकरीची हमी देणाऱ्याला तर मी पहिलाच प्रश्न विचारत नाही.

आणि एआय असताना?

मी रोज वापरते. एरर समजून घ्यायला, विसरलेलं फंक्शन आठवायला, कोड नीट लावायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि यामुळे मेंटॉरचा वेळही वाचतो. फुटकळ प्रश्न त्यांच्यापर्यंत जातच नाहीत. माझा पावसाचा आलेख आज दाखवला तर त्यातली गोम तो ओळखूही शकेल. पण तेव्हा मी तो दाखवला असता का? मला तर आलेख बरोबर वाटत होता. मी विचारलं असतं, "रंग निळा कसा करू?" काकांनी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, कारण त्यांना पुण्याचा जानेवारी माहीत होता.

काकांनी अजून एकदाही पैसे घेतलेले नाहीत. दिवाळीला चिवडा नेला तर तो घेतात. त्याऐवजी त्यांनी त्यांच्या हस्ताक्षरातली एक वही माझ्याकडे दिलीय, १९९४ पासूनची, इमारतीच्या पाण्याच्या मीटरची दर रविवारची नोंद. ती संगणकावर चढवून आलेख काढून दे म्हणालेत. २००३ पर्यंत आलेय. तारखा त्यांनी सगळीकडे महिना अक्षरांत लिहून घातल्यात.